पेशंटशी बोलणं शिकताना

सलाईन लावायला आपण शिकवतो. आधी डेमो देतो, मग डमीवर हात बसवून घेतो, मग वॉर्डात शेजारी उभं राहून बघतो आणि शीर सापडली नाही तर कुठे चुकलं यावर बोलतो. पेशंटशी बोलायला मात्र असं कुणी शिकवत नाही. एखादी सिस्टर बोलायला गोड असते, एखादी तुटक असते आणि दोन्ही गोष्टी स्वभावाच्या नावावर टाकून आपण मोकळे होतो.

नर्सिंगचे विद्यार्थी, नव्याने नोकरीला लागलेले स्टाफ नर्स आणि ट्यूटर यांच्यासाठी हा लेख आहे. हिल्डेगार्ड पेप्लाऊ हे नाव तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. चार टप्पे, सहा भूमिका, त्यांची आकृती. या बाईंनी वॉर्डात रोज वापरता येईल अशी जी पद्धत दिली, ती मात्र जर्नल पूर्ण करण्यापुरती उरते. माझं सांगणं एवढंच आहे की पेशंटशी जुळणारं नातं हा नर्सिंगच्या कामाचाच भाग आहे, आणि ते सलाईनसारखंच शिकता येतं, तपासता येतं, सुधारता येतं.

पेप्लाऊ यांचा जन्म 1909 सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या रेडिंगचा. घर पोलंडमधून आलेल्या स्थलांतरितांचं. 1918च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्या शाळकरी वयाच्या होत्या आणि आजाराने घरंच्या घरं कशी कोलमडतात हे त्यांनी पाहिलं. 1931 मध्ये पॉट्सटाउन हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमधून त्या शिकून बाहेर पडल्या. पुढे व्हरमॉन्टमधल्या बेनिंग्टन कॉलेजात नर्स म्हणून काम करता करता तिथूनच 1943 मध्ये पदवी घेतली. मेरीलँडमधल्या चेस्टनट लॉज या मानसोपचार रुग्णालयात हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या विचारांशी त्यांचा जवळून संबंध आला. मनाचं दुखणं माणसाच्या एकट्याच्या डोक्यात वाढत नाही, माणसामाणसांच्या व्यवहारात वाढतं आणि तिथेच बरंही होऊ शकतं, अशी सलिव्हन यांची मांडणी होती. दुसऱ्या महायुद्धात पेप्लाऊ लष्करी नर्स म्हणून इंग्लंडमध्ये होत्या, तेही युद्धाने मन खचलेल्या सैनिकांवर उपचार होत अशा रुग्णालयात.

‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ हे पुस्तक त्यांनी 1948 मध्ये लिहून पूर्ण केलं, छापून आलं 1952 मध्ये. सहलेखक म्हणून कुणा डॉक्टरचं नाव नसताना एका नर्सने असं पुस्तक काढणं त्या वेळी प्रकाशकांना पचणारं नव्हतं, म्हणून चार वर्षं गेली. पुढे रटगर्स विद्यापीठात त्यांनी मानसोपचार नर्सिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला आणि 1970 ते 1972 या काळात अमेरिकन नर्सेस असोसिएशनचं अध्यक्षपद सांभाळलं. 1999 मध्ये त्या वारल्या. आज आपल्याकडे बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्य नर्सिंगच्या पोस्टिंगमध्ये प्रोसेस रेकॉर्डिंग लिहावं लागतं, त्याचं मूळ त्यांच्या शिकवण्यात आहे. विद्यार्थिनींनी पेशंटशी झालेलं बोलणं शब्दशः लिहून आणायचं आणि वर्गात ते सगळ्यांनी मिळून तपासायचं, अशी त्यांची पद्धत होती.

पहिली तीन मिनिटं

पेप्लाऊ यांनी नर्सची पहिली भूमिका सांगितली ती अनोळखी माणसाची. पेशंट आपल्याला ओळखत नाही, आपण त्याला ओळखत नाही. म्हणून कुठल्याही अनोळखी मोठ्या माणसाला जो मान आपण सहज देतो, तो त्यालाही द्यायचा. वॉर्डातली निम्मी कटकट इथे चुकल्यामुळे होते, असं मला वाटतं.

रात्री भरती झालेल्या बाईकडे सिस्टर येते, बीपी घेते, केसपेपरवर आकडा लिहिते आणि निघून जाते. बीपी किती आलं ते त्या बाईला कळत नाही. आलेली बाई सिस्टर होती की विद्यार्थिनी, पुन्हा येणार की नाही, दुखलं तर हाक कुणाला मारायची, यातलं काहीच तिला ठाऊक नसतं. मग ती मावशींना विचारते, शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकाला विचारते आणि जे कानावर पडेल ते खरं धरते. त्याऐवजी एवढं बोला : ‘नमस्कार, मी सिस्टर अमुक. सकाळी आठपर्यंत मी ड्युटीवर आहे. आता बीपी बघते, मग डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन देईन. रात्री काही लागलं तर त्या टेबलापाशी मी असेन.’ याला अर्धं मिनिट पुरतं. बीपीचा आकडाही सांगा आणि तो बरा आहे की जास्त, तेही सांगा.

हाक कशी मारायची हेही विचारून घ्या. आपल्याकडे आजी, काका, मावशी, दादा ही नाती तोंडात तयारच असतात आणि त्यांत आपुलकी असते, हे खरं. पण पंचेचाळिशीतल्या बाईला ‘आजी’ म्हटलेलं लागतं. आयुष्यभर ‘सर’ किंवा ‘बाई’ ऐकलेल्या शिक्षकाला वॉर्डात एकदम ‘ए बाबा’ झालेलं सहन होत नाही. ‘तुम्हाला काय म्हणू?’ हा एक प्रश्न पुरतो. आणखी एक गोष्ट ठामपणे सांगते. स्पेशल रूममध्ये ‘मॅडम, तुम्ही’ आणि जनरल वॉर्डात पाड्यावरून आलेल्या बाईला ‘अगं, इकडे वळ’, हे आपल्या व्यवसायाला न शोभणारं आहे. पेशंटची ऐपत बघून बदलणारी भाषा विद्यार्थी सीनियरकडून पहिल्याच महिन्यात उचलतात. एकदा जिभेवर बसली की ती सुटता सुटत नाही.

एका बोटाची गोष्ट

आता एक नमुना बघू. मेडिसिन किंवा सर्जरी वॉर्डात असं बोलणं कुठेही ऐकायला मिळेल. पेशंट पन्नाशीचे, शेती करणारे. साखर वाढलेली, पायाच्या बोटाची जखम चिघळलेली. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आली आहे.

‘सिस्टर, बोट काढावं लागेल का हो?’
‘काही नाही होत काका. टेन्शन घेऊ नका, सगळं बरं होईल.’
‘बरं.’
‘जेवलात का?’
‘हं.’

या पाच ओळींत मुलीचा हेतू चांगलाच होता. पण काकांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, आणि पुन्हा विचारायची त्यांची सोय राहिली नाही. ‘काही नाही होत’ हे तिला माहीत नव्हतं, तरी तिने ते सांगितलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात आजाऱ्याला पोकळ दिलासा देणाऱ्यांवर एक सबंध प्रकरण लिहिलं आहे. एवढं जुनं दुखणं आहे हे. दिलासा देणाऱ्याला बरं वाटतं, पेशंट गप्प होतो, आणि तो गप्प झाला म्हणजे त्याला पटलं, असं आपण समजून चालतो.

तोच प्रसंग पुन्हा घेऊ.

‘सिस्टर, बोट काढावं लागेल का हो?’
‘बोट काढायचं तुमच्या मनात आलंय. कुणी काही बोललं का?’
‘कोण कशाला बोलतंय? पलीकडच्या खाटेवरचा गडी बघा. त्याचंबी आधी बोटच होतं. परवा गुडघ्याखाली पाय काढला.’
‘ते बघितल्यापासून धास्ती बसलीय तुम्हाला.’
‘रात्री डोळ्याला डोळा नाही. पेरणी तोंडावर आलीय.’
(विद्यार्थिनी काहीच बोलत नाही. हात थांबवते, त्यांच्याकडे बघते.)
‘घरी पोरगं एकटं. त्याला अजून काही उमगत नाही.’
‘काका, तुमच्या जखमेचं मी माझ्या मनाने काही सांगणार नाही. उद्या राऊंडला डॉक्टर आले की आपण दोघं मिळून विचारू. काय काय विचारायचं, ते आत्ताच कागदावर लिहून ठेवू या?’

इथेही बोट वाचेल की नाही ते तिने सांगितलं नाही. पण काय काय हाती आलं ते बघा. काकांना झोप नाही. झोपमोड आणि ताण यांनी साखर आणखी वर जाऊ शकते, म्हणजे ही गोष्ट ओव्हर देताना सांगायची आहे आणि डॉक्टरांच्याही कानावर घालायची आहे. शेजारच्या पेशंटशी ते स्वतःची तुलना करताहेत. शेतीची आणि मुलाची काळजी आहे, म्हणजे वॉर्डात राहायला ते किती दिवस तयार होतील याचाही अंदाज येतो. डिस्चार्जच्या आधीच ‘घरी जातो’ म्हणणारा पेशंट हट्टी असतो असं आपण म्हणतो. बरेचदा त्याला विचारलेलं नसतं.

पेप्लाऊ यांचे चार टप्पे याच प्रसंगावर लावून बघा, म्हणजे ते पाठ करावे लागणार नाहीत. पहिल्या टप्प्यात दोघांची ओळख होते आणि नेमकी अडचण काय आहे ते दोघांना मिळून कळतं. वरचं बोलणं ते. दुसऱ्या दिवशी काका ‘ती कालची सिस्टर कुठे आहे?’ असं विचारू लागले की दुसरा टप्पा सुरू झाला. मदत कुणाकडून मिळेल हे पेशंटने ओळखलेलं असतं. तिसऱ्यात तो त्या मदतीचा पुरेपूर वापर करतो. दुसरा पाय कसा जपायचा, चप्पल कोणती घालायची, इन्शुलिन शेतावर कसं न्यायचं, असे प्रश्न तो स्वतःहून विचारतो. चौथ्यात तो आपला आपण चालू लागतो आणि नर्सची गरज संपते. टप्पे एकमेकांत मिसळतात, कधी मागेही जातात. ताप वाढला की कालपर्यंत प्रश्न विचारणारे काका पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपतात. तसं झालं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यात आपलं काही चुकलं असं समजू नका.

लिहून काढा

आता प्रोसेस रेकॉर्डिंगकडे वळू. ही सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात वाया घालवली जाणारी गोष्ट आहे. बरेच विद्यार्थी हॉस्टेलवर बसून मागच्या बॅचच्या जर्नलवरून संवाद रचतात. पेशंट त्यात पुस्तकातलं बोलतो, नर्स पुस्तकातली तंत्रं वापरते आणि शेवटी पेशंट ‘थँक्यू सिस्टर’ म्हणतो. त्यातून कुणालाच काही मिळत नाही.

खरं लिहायचं असेल तर दहा-पंधरा मिनिटांचंच बोलणं निवडा. पेशंटसमोर वही उघडून बसू नका. बोलणं झाल्यावर तासाभरात, चेंजिंग रूममध्ये किंवा लायब्ररीत बसून जसंच्या तसं लिहा. संध्याकाळी लिहिलं की आपण आपल्या सोयीने सुधारून लिहितो. पेशंट जे बोलला ते त्याच्याच भाषेत लिहा, मग तो वऱ्हाडी बोलो की अहिराणी. ‘डोळ्याला डोळा नाही’च्या जागी ‘स्लीप डिस्टर्ब्ड’ लिहिलंत तर पेरणीची गोष्ट त्यातून निघून जाते.

पान पाच भागांत पाडा. पेशंट काय म्हणाला. मी काय म्हणाले. त्या वेळी त्याचे हात, डोळे, बसण्याची ढब कशी होती. माझ्या मनात काय चाललं होतं. आणि आता वाचताना मला काय वाटतं. चौथा भाग बहुतेक जर्नलमध्ये नसतो, आणि खरं शिकणं तिथेच आहे. बोटाच्या पहिल्या प्रसंगात त्या मुलीने तो भाग प्रामाणिकपणे लिहिला तर असं काहीतरी निघेल : ‘मला उत्तर माहीत नव्हतं. ते रडतील अशी भीती वाटली. मॅडम मागे उभ्या होत्या.’ म्हणजे ‘काही नाही होत’ हे वाक्य काकांच्या भीतीला उत्तर म्हणून आलंच नव्हतं, ते तिच्या स्वतःच्या भीतीतून आलं होतं. पेप्लाऊ यांचा सगळा भर यावर होता. आपल्या मनातली अस्वस्थता ओळखता आली नाही तर ती आपण पेशंटवर ढकलतो, आणि ती त्याला लागते.

लिहिलेलं वाचताना काही गोष्टी मुद्दाम शोधा. विषय कुणी बदलला? ‘जेवलात का?’ने बदलला, आणि तो आपण बदलला. एका दमात दोन प्रश्न विचारले का? ‘औषध का नाही घेतलं?’ यासारखा ‘का’ने सुरू होणारा प्रश्न किती वेळा आला? तो ऐकला की माणूस सफाई द्यायला लागतो. आपण किती वेळ गप्प राहिलो? नव्या विद्यार्थ्यांना गप्प राहणं सगळ्यात अवघड जातं. काकांच्या मुलाची गोष्ट मात्र ती मुलगी गप्प राहिली म्हणूनच बाहेर आली.

एक सावधगिरी. या कागदावर पेशंटचं नाव, गाव, फोन नंबर लिहू नका. मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करू नका, फोटो तर नाहीच. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिच्या आजाराबद्दलची गुप्तता राखली जाण्याचा हक्क 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला आहे, आणि तो विद्यार्थ्यांच्या वहीलाही लागू आहे असं समजून वागा.

चढलेला आवाज

चिंतेबद्दल पेप्लाऊ यांनी जे लिहिलं ते मानसोपचार विभागापुरतं नाही, ते अपघात विभागात जास्त उपयोगी पडतं. त्यांनी चिंतेच्या चार पायऱ्या मांडल्या : सौम्य, मध्यम, तीव्र आणि भयाने गोठून जाणं. सौम्य चिंतेत माणसाचं लक्ष उलट तल्लख होतं, तो शिकू शकतो. मध्यम चिंतेत त्याला समोरचंच दिसतं, पण कुणी लक्ष वेधलं तर बाकीचंही कळतं. तीव्र चिंतेत एखादाच तुकडा त्याच्या मनात अडकून बसतो. त्यापुढच्या अवस्थेत त्याला काहीच उमजत नाही.

याचा रोजच्या कामातला अर्थ सरळ आहे. तीव्र चिंतेतल्या माणसाला शिकवायला जाऊ नका. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, स्ट्रेचर दारात आल्यावर ‘नंतर खोल श्वास असा घ्यायचा, खोकताना पोटावर उशी अशी धरायची’ हे सांगून उपयोग नसतो. ते आदल्या दुपारी सांगा आणि करून घ्या. डिस्चार्जच्या दिवशी बिलाची धावपळ चालू असताना इन्शुलिन शिकवलं तर नातेवाईक मान हलवतात आणि घरी जाऊन चुकतात. शिकवल्यावर ‘समजलं ना?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘आता तुम्ही मला करून दाखवा’ म्हणा. चिंता खूप वाढलेली असेल तर तेवढ्यापुरती शिकवणी बाजूला ठेवा, छोटी वाक्यं बोला, एका वेळी एकच गोष्ट सांगा, आणि शक्य असेल तर बाजूला बसा.

चिडलेल्या नातेवाइकाशी बोलायचं कसं, हा प्रश्न आज प्रत्येक स्टाफ नर्सचा आहे. वॉर्डात आणि कॅज्युअल्टीत अंगावर धावून येण्याचे प्रकार होतात आणि तिथे सुरक्षेची जबाबदारी संस्थेचीच आहे, गोड बोलून ती नर्सने निभावावी अशी अपेक्षा करणं चूक आहे. पण हातघाईवर येण्याआधीचा बराच काळ बोलण्याचा असतो, आणि तिथे पेप्लाऊ यांची एक साखळी कामाला येते. माणसाच्या मनात आधी काही अपेक्षा असते. ती पुरी होत नाही. आतून अस्वस्थता येते. ती सहन होत नाही म्हणून तो असं काही करतो, ज्याने तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, बहुतेक वेळा चिडतो. आणि मग आपलं चिडणं कसं बरोबर आहे ते सांगू लागतो. आपण पोचतो ते या शेवटच्या कडीपाशी, आणि तिच्यावरच वाद घालतो.

समजा, आईला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं आहे. मुलाला कुणीतरी सांगितलं की अकरापर्यंत बाहेर येतील. एक वाजला. तो टेबलापाशी येऊन ‘इथे कुणाला काही पडलेलीच नाही, गरिबाला कोण विचारतो’ असं ओरडायला लागतो. ‘आवाज खाली करा, आम्ही काय रिकामे बसलोय का?’ हे उत्तर खरंही असेल, पण त्याने तो आणखी चढतो. त्याच्या अपेक्षेपर्यंत मागे जा. ‘तुम्हाला किती वाजता येतील म्हणून सांगितलं होतं?’ ‘अकरा.’ ‘दोन तास वर झालेत, आणि आतून काहीच निरोप नाही.’ इथे बहुतेक माणसांचा आवाज उतरतो, कारण त्याचं दुखणं कुणीतरी बरोबर बोललेलं असतं. मग थिएटरला फोन लावा, जे कळेल ते सांगा, आणि पुढचा निरोप किती वेळाने देणार तेही सांगा. तेवढ्या वेळात नवं काही कळलं नाही, तरी जाऊन ‘अजून काही कळलेलं नाही’ एवढं सांगाच.

दोघांत तिसरा

पेप्लाऊ यांच्या मांडणीची एक मर्यादा आपल्याकडे लगेच जाणवते. त्यांच्यासमोर एक नर्स आणि एक पेशंट आहे. आपल्या वॉर्डात खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून एक माणूस कायम असतो, आणि निम्मं नर्सिंग तोच करतो. पेशंटला उठवतो, भरवतो, लघवीचं भांडं देतो. त्याला बाजूला ठेवून नातं जोडता येत नाही. पण सगळं बोलणं त्याच्याशीच होऊ लागलं तर पेशंट आपल्याच आजारात परका होतो. ‘पोट साफ झालं का त्यांचं?’ असं सुनेला विचारलं जातं आणि पुरत्या शुद्धीवर असलेली सासू छताकडे बघत राहते. नियम साधा ठेवा. पहिला प्रश्न पेशंटला, त्याच्याकडे बघून. मग नातेवाइकाला.

बाईमाणूस पेशंट असेल आणि प्रत्येक उत्तर नवराच देत असेल तर ड्रेसिंगच्या किंवा स्पंजिंगच्या निमित्ताने पडदा ओढा, त्यांना बाहेर थांबायला सांगा आणि मग विचारा. काही गोष्टी त्या पडद्याआडच कळतात, घरातल्या मारहाणीच्या तर खास.

बेशुद्ध पेशंट आणि तान्ही बाळं यांच्याबाबत हा सिद्धांत अपुरा पडतो, ही टीका रास्त आहे, कारण त्यात पेशंटने आपली गरज बोलून दाखवणं गृहीत धरलेलं आहे. आयसीयूत बेशुद्ध माणसालाही नाव घेऊन सांगावं, ‘कूस बदलतेय’, आणि मगच हात लावावा. बाकी नातं दाराबाहेर बसलेल्यांशी जोडावं.

‘एवढे पेशंट, कधी बोलायचं?’ हा प्रश्न खरा आहे. पलंग भरून जमिनीवर गाद्या पडलेल्या वॉर्डात तासभराची भेट कुणी मागत नाही. कमी मनुष्यबळाचं उत्तर संवादकौशल्याच्या कार्यशाळा भरवून देऊ नये, भरती करून द्यावं, हेही स्पष्ट म्हणायला हवं. पण बीपी, ड्रेसिंग, बेडमेकिंग ही कामं होतातच, आणि ती करताना आपण बोलतोही. प्रश्न असतो तो तेव्हा आपण एकमेकींशी बोलतो की पेशंटशी, एवढाच.

निरोप

शेवटचा टप्पा विद्यार्थ्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त दुर्लक्षला जातो. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात पोस्टिंग लागतं. विद्यार्थिनी रोज एका पेशंटशी बोलते. घरच्यांनी भेटायला येणं सोडलेलं असतं, त्यामुळे त्या पेशंटला ती बहीण किंवा मुलगी वाटू लागते. पेप्लाऊ यांनी नर्सच्या भूमिकांत ही दुसऱ्या कुणाच्या जागी असण्याची भूमिकाही धरली आहे. तिचा उपयोग होतो, पण मी तुमची मुलगी नाही, विद्यार्थी नर्स आहे, हे हळुवारपणे स्पष्ट करणंही त्याच भूमिकेत येतं. मग एका शनिवारी पोस्टिंग संपतं आणि बस निघून जाते. सोमवारी पेशंट दाराकडे बघत बसतो. ज्याला आधीच माणसं सोडून गेली आहेत, त्याला आपणही न सांगता सोडून जातो.

म्हणून शेवटचा दिवस पहिल्याच दिवशी सांगा. ‘मी वीस तारखेपर्यंत येणार आहे, रोज अकरा वाजता आपण बोलू.’ मधे पुन्हा आठवण करून द्या. शेवटच्या आठवड्यात पेशंट अबोल झाला, चिडला, भेट टाळू लागला तर दुखावून घेऊ नका. निरोप असाच सुरू होतो. फोन नंबर देऊ नका, ‘भेटायला येईन’ म्हणू नका. तुमच्यानंतर कुणाशी बोलायचं ते मात्र दाखवून द्या, त्या वॉर्डातल्या सिस्टरशी किंवा समाजसेवा अधीक्षकांशी त्याची गाठ घालून द्या.

ट्यूटरना एक सांगायचं आहे. वॉर्डात पेशंटसमोर विद्यार्थिनीला ‘एवढंही येत नाही?’ म्हणून झापलं, तर त्याच दुपारी ती पेशंटच्या नातेवाइकावर तशीच ओरडते. आपण तिच्याशी कसं वागतो तेच ती नातं म्हणून शिकते. तीही पहिल्या दिवशी अनोळखी आणि घाबरलेली असते, तिच्याही चिंतेच्या त्याच पायऱ्या असतात, आणि तीव्र चिंतेत तीही काही शिकत नाही. प्रोसेस रेकॉर्डिंगला मार्क देताना तंत्रं किती वापरली ते मोजू नका. जिथे तिने ‘इथे मी घाबरले’ असं लिहिलं असेल तिथे मार्क द्या, नाहीतर पुढच्या वेळी ती मागच्या बॅचचं जर्नल आणेल.

तेव्हा येत्या पोस्टिंगमध्ये जर्नलवर नुसती सही करून ते परत देऊ नका. आठवड्यातून एक तास काढा, एक खरा संवाद नाव न घेता सगळ्यांसमोर वाचा, आणि पहिला संवाद तुम्ही स्वतः लिहून आणा.